त्या वादळी रात्री चार घोडेस्वार

जुन्या काळातल्या साहसकथेवर सिनेमा काढायचा ठरला, की मला हेवा वाटतो तो मूळ कादंबरीकाराचा. ‘त्या वादळी रात्री चार घोडेस्वार मशाली घेऊन घाट उतरले आणि दारातच तलवारींचा खणखणाट सुरू झाला,’ एवढं लिहून गडी जेवायला मोकळा! पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण १ मिनिट, असा आमचा हिशोब. या वाक्याला फार तर अर्धं पान मिळतं, आणि त्या अर्ध्या पानात युनिटच्या अख्ख्या रात्री जातात.

‘वादळी’ लिहायला शाई लागते, दाखवायला टँकर. खरा पाऊस आला की शूटिंग थांबतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. खऱ्या पावसाचे थेंब बारीक असतात, कॅमेऱ्यात धड दिसत नाहीत. शिवाय रिटेकसाठी तो थांबत नाही, की पुन्हा पडत नाही. म्हणून उंचावरच्या नळांतून जाडजूड थेंब पाडायचे आणि दिवा पावसाच्या मागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून लावायचा. उजेड समोरून टाकलात, की पाऊस गायब आणि नट विनाकारण भिजलेला.

त्याच पावसात मशाली पेटत्या ठेवायच्या. कादंबरीतल्या मशाली विझत नाहीत, आमच्या ‘रेडी’ म्हणेपर्यंतच फुरफुरतात. म्हणून प्रत्येकीच्या दोन-तीन जोड्या आडोशाला तयार आणि शेजारी अग्निशामक नळकांडं घेतलेला माणूस. एवढं करून चेहऱ्यावर पडणारा उजेड बहुधा मशालीचा नसतोच. कॅमेऱ्याबाहेर केशरी दिवा लुकलुकत असतो. खऱ्या ज्योतीवर शूट करण्याचा हट्ट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) पुरा केला. तोही कादंबरीवरचाच सिनेमा. त्यासाठी त्यानं मुळात नासासाठी घडवलेली झाइस या जर्मन कंपनीची ५० मिलिमीटर, एफ/०.७ लेन्स वापरली, म्हणजे अगदी मंद उजेडातही चित्र टिपणारी. तिचा फोकस इतका पातळ, की नट जरा पुढे झुकला तरी चेहरा धूसर. तेव्हा मेणबत्त्यांच्या उजेडात सगळी मंडळी इतकी खानदानी स्थिर का बसलीत, याचं एक कारण तेही समजावं.

मग घोडे. आमचं घोडं पेंड खातं ते इथंच. घोडा हुशार जनावर आहे. दोन-चार टेकमध्ये त्याला कळतं, की ‘ॲक्शन’ म्हटलं की पळायचं. मग नटाचं वाक्य संपायची वाट कोण बघतो? त्यामुळे जाणते दिग्दर्शक घोड्यासमोर तो शब्द उच्चारत नाहीत, हात हलवून खूण करतात. एकाच घोड्याला रात्रभर दौडवता येत नाही, म्हणून जोडीला तशाच रंगाचा दुसरा आणतात. त्याच्या कपाळावर पांढरा पट्टा नसेल, तर रंगवतात. तो रंग कच्चा निघाला, की आपल्याच पावसात पट्टा नाकाडावर ओघळतो आणि घोडा रडून आल्यासारखा दिसतो.

कपड्यांचं दुःख वेगळंच. एकाच अंगरख्याच्या चार-पाच प्रती लागतात: कोरडा, भिजका, फाटण्यापूर्वीचा, फाटल्यानंतरचा, शिवाय स्टंटवाल्याचा. सगळे नवेकोरे शिवायचे आणि मग छळायचे. कोपरं सँडपेपरनं घासायची, ओल्या खिशांत दगड भरून ते लोंबवायचे, चहाच्या पाण्यात पांढरेपणा मारायचा, घेराला मुलतानी माती चोळायची. प्रसंग उलटसुलट क्रमानं शूट होतात, तेव्हा डाव्या गुडघ्यावरचा चिखल कुठल्या दिवशी किती होता याचे फोटो जपावे लागतात. इतकं करून झटापटीत बाही फाटते आणि कित्येक शतकांपूर्वीच्या त्या वीराच्या दंडावर लसीचा गोल व्रण झळकतो. मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा असतो, तो वेगळा. मेकअपवाले दोन्ही झाकतात, पाऊस दोन्ही उघडे पाडतो.

तलवारी हातघाईत अ‍ॅल्युमिनियमच्या, घोड्यावरून पडायचं असेल तेव्हा रबराच्या आणि क्लोजअपला पोलादी. अ‍ॅल्युमिनियम हलकं, हात भरून येत नाही. पण मऊ असल्यानं पात्यावर खाचा पडतात. त्यांच्या कडा बोट कापतात, म्हणून टेक संपला की कानस घेऊन माणूस धावतो. वार अंगावर नाही, अंगाशेजारी करायचा आणि कॅमेरा असा ठेवायचा की मधलं अंतर दिसू नये. ओल्या फरशीवर पाय सरकू नये म्हणून ऐतिहासिक बुटांना खालून रबराचा तळवा चिकटवलेला असतो. वीर पडताना पाय वर करू नका, ही सूचना त्यासाठीच.

आवाजाचं म्हणाल, तर त्या रात्री रेकॉर्ड झालेलं बहुतेक फुकट. पाण्याच्या पंपाची घरघर, जनरेटर आणि अ‍ॅल्युमिनियमचं बद्द बद्द. संवाद नटाला बोलावून स्टुडिओत पुन्हा म्हणवून घ्यायचे, खणखणाट पोलादाचा वेगळा भरायचा. आणि टापांसाठी जुना उपाय म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. त्यांना ‘ॲक्शन’ कळत नाही, मोठीच सोय आहे.