लिंबू लावलं, पण निलवंत आलं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कुंडीत लिंबू लावा, निलवंत येईल’ हे निलवंत (ब्लू मॉरमॉन) फुलपाखरावरच्या इथल्या लेखातलं वाक्य वाचून तुम्ही गॅलरीत लिंबू लावलंत. पाच अळ्या झाल्या. बरणीत ठेवलेल्या दोन काळ्या पडून गळून गेल्या, एकीच्या अंगाला पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसले आणि उरलेल्या दोघींतून काळी, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याची, शेपटीवाली फुलपाखरं निघाली. ‘लेख चुकीचा, वर झाडाचं नुकसान,’ असं तुम्ही लिहिलंत.

ते वाक्य अर्धवट होतं, हे मान्य. तुमच्याकडे आलेलं फुलपाखरू कॉमन मॉरमॉन आहे. वस्तीतल्या लिंबावर तेच आणि लाइम बटरफ्लाय आधी पोहोचतात. निलवंताच्या मागच्या पंखांना शेपट्या नसतात. पंख मखमली काळे, त्यावर फिकट निळा रुंद पट्टा, त्यात काळे टिपके. मादीचा निळा रंग राखाडीकडे झुकतो. पंख मिटून बसलं की खालच्या बाजूला, पंखांच्या मुळाशी लाल डाग दिसतात. पंखविस्तार 12 ते 15 सेंटीमीटर.

हे मूळचं भरपूर पावसाच्या रानातलं फुलपाखरू. सह्याद्रीत ओढ्याकाठी, सावलीच्या वाटांवर पावसाळ्यात आणि त्यानंतर ते जास्त दिसतं. नर ओल्या मातीवर क्षार शोषत बसतात. रानात मादी अंडी घालते ती माकडलिंबू, किरमिरा अशा झाडांवर. लिंबू आणि पपनसही तिला चालतं, पण जवळपास झाडी असेल तरच ती तिथवर येते. 2015 साली हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून निळ्या पंखांचं कौतुक खूप झालं. माकडलिंबाचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही, आणि खरी गरज त्याचीच आहे.

आता अळ्या ओळखायच्या कशा. मादी पानाच्या वरच्या बाजूला एकेकटं गोल अंडं घालते. आधी ते हिरवं असतं, मग पिवळट-नारिंगी होतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि या तिन्ही जातींत ती तशीच असते, त्यामुळे सुरुवातीला जात ठरवायला जाऊ नका. अळी कात टाकत पाच अवस्थांतून वाढते. चौथ्या अवस्थेपासून निलवंताच्या अळीवर निळसर झाक येते आणि पुढे ती कॉमन मॉरमॉनच्या अळीपेक्षा बरीच मोठी होते. पानाच्या मधोमध रेशमाची पातळ गादी विणून ती तिच्यावर बसते. म्हणून उचलायचीच तर पानासकट उचला. ओढून काढली की पाय दुखावतात. पुढच्या भागावरचे डोळ्यांसारखे ठिपके हे डोळे नव्हेत, खरं डोकं त्यांच्या खाली दडलेलं असतं. डिवचली की डोक्यामागून मऊ दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. विषारी काही नाही.

तुमच्या अळ्या मेल्या त्याचं कारण लेखात यायला हवं होतं. बंद बरणीत पानांचा ओलावा आणि लेंड्या साचतात, संसर्ग होतो, अळी काळी पडून विरघळते. तोंडाला जाळी बांधा, तळाशी कागद घाला, लेंड्या रोज काढा, पान ताजं ठेवा. पांढरे कोष परजीवी गांधीलमाशीचे. ते दिसले की ती अळी वाचत नाही. दोनतीन दिवसांत सगळ्याच मेल्या तर नर्सरीतल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा रोपाला निदान दोनदा नवी पालवी येऊन जाऊ द्या, मगच त्यावर अळ्या ठेवा.

नुकसानीचं म्हणाल, तर लिंबाच्या रोपवाटिकेत अळ्या कोवळी रोपं बोडकी करतात, तिथे तुमची तक्रार रास्त आहे. पण कुंडीतल्या हातभर झाडावर एकदोनच ठेवा, बाकीच्या मोठ्या झाडावर सोडा. पाचवी अवस्था सर्वांत जास्त खाते, कुंडीतलं झाड तेव्हाच बोडकं होतं.

कोष करण्याआधी अळी पातळ विष्ठा टाकते आणि भटकू लागते. तेव्हा आजारी समजून टाकू नका, उभी काडी द्या. कोष कमरेच्या धाग्याने टेकलेला असतो, तो तोडू नका. फुलपाखरू बाहेर पडल्यावर पंख लोंबवायला खाली मोकळी जागा लागते, नाहीतर ते दुमडलेलेच वाळतात.