'मला ध्यान जमत नाही गं'

परवा एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला. 'महिनाभर रोज बसले. मला ध्यान जमत नाही गं. डोळे मिटले की डोक्यात नुसता गोंधळ. माझा तो पिंडच नसावा.' तिला चार ओळी लिहून पाठवल्या, पण समाधान होईना. हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय आणि ते ऐकलं की दर वेळी जीव तुटतो. कारण माणूस नेमका जिथे काहीतरी सुरू होतंय तिथूनच उठून जातो. म्हणून आज जरा लांब लिहिते आहे.

मी ध्यानाकडे वळले ती झोपेसाठी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असायचे. अध्यात्म वगैरे डोक्यातही नव्हतं. त्यामुळे 'आम्हाला फक्त रिलॅक्स व्हायचंय' म्हणणाऱ्यांना कमी लेखणारी मंडळी मला अजिबात आवडत नाहीत. दमलेल्या शरीराला विसावा हवा असतो, यात हलकं काय आहे? आणि तो मिळतोही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा साधा नियम आहे. म्हणून उच्छ्वास सावकाश झाला की आतली धावपळ आपोआप उतरायला लागते. हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी 1970च्या दशकात ध्यान करणाऱ्यांची मोजमापं घेतली. बसलेल्या माणसाची प्राणवायूची गरजच कमी होते, असं त्यांना दिसलं. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम सुरू केला, तो आज आठ आठवड्यांच्या रूपात जगभर चालतो.

पण विसाव्यासाठी बसणाऱ्यांची एक अडचण होते, माझीही झाली. पहिली दोन वर्षं मी उठल्या उठल्या मनातल्या मनात मार्क द्यायचे. आज छान लागलं, आज नाही लागलं. ज्या दिवशी मन सैरभैर, तो दिवस वाया. सलग चार दिवस असे गेले की पाचव्या दिवशी बसायचंच नाही. असं किती वेळा सोडलं आणि धरलं, त्याचा हिशेब नाही.

एका शिबिरात मी शिक्षकांकडे रडगाणं गायले, 'सर, मन सारखं पळतं.' त्यांनी शांतपणे विचारलं, 'पळालं हे तुम्हाला कसं कळलं?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच बसून राहिले.

तो क्षण जवळून बघण्यासारखा असतो. मी बसले आहे. नाकपुडीच्या कडेला श्वास जाणवतोय, आत येताना गार, बाहेर जाताना किंचित कोमट. चौथ्या-पाचव्या श्वासाला ऑफिसातला एक ईमेल आठवतो. मी त्याला उत्तर लिहायला घेते, शब्द बदलते, समोरच्याचं तोंड कसं बंद होईल याची कल्पना करते. आणि मग अचानक, कुणी हाक न मारता, जागी होते. दातावर दात घट्ट आवळलेले असतात. खांदे कानापर्यंत गेलेले असतात. ते सैल सोडायचे आणि पुन्हा श्वासाशी यायचं. बस. वीस मिनिटांत हे तीस वेळा झालं तर तीस वेळा जाग आली. ज्याला आपण अपयश म्हणतो तो सगळा अभ्यासच असतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय. मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला परत आणावं. ते भरकटणारच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. अर्जुनाची तक्रारही माझ्या मैत्रिणीसारखीच आहे, मन आवरणं म्हणजे वारा धरण्याइतकं कठीण. श्रीकृष्ण ती खोडून काढत नाहीत. 'यात शंकाच नाही' म्हणतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य सुचवतात. मला या उत्तरातला समजूतदारपणा फार मोठा वाटतो.

पतंजलींनी तर धारणा आणि ध्यान हे वेगळेच सांगितलेत. चित्त एका जागी बांधणं ही धारणा. त्याच जागी जाणिवेचा प्रवाह अखंड वाहू लागला की ते ध्यान. म्हणजे आपण रोज बसून जे करतो ती बहुतेक वेळा धारणा असते, ध्यान झालं तर होतं. योगसूत्रांत वाटेतल्या नऊ विघ्नांची यादी आहे. त्यात आजारपण आहे, आळस आहे, संशय आहे, आणि पुढची पायरी न गवसणं किंवा गवसलेली न टिकणं हेही आहे. 'जमत नाही' ही भावना इतकी जुनी आहे! ती आली म्हणजे आपला पिंड नाही असं नव्हे, वाटेवरचं ठरलेलं ठिकाण आलं एवढंच.

मग आध्यात्मिक प्रगती कशात दिसते? प्रकाश दिसणं, अंगात कंप येणं, रंग दिसणं यांत मला ती कधी सापडली नाही. मला ती एका फोनवर दिसली. बाबा आजारी होते आणि दादा फोनवर म्हणाला, 'तुला काय, तू लांब राहतेस.' माझे कान तापले. श्वास वर छातीत अडकला. जिभेवर एक वाक्य तयार होतं, बरंच जुनं, धार लावून ठेवलेलं. आणि ते बाहेर पडायच्या आधी मला दिसलं. मी ते गिळलं नाही, दाबलंही नाही. दोन श्वास ते तिथेच राहिलं आणि मग त्यातला जोर गेला. मी म्हणाले, 'बोल दादा, ऐकतेय मी.' तो बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला तेव्हा मला कळलं, तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. त्या दोन श्वासांसाठी मी इतकी वर्षं बसत होते असं आज मला खात्रीने वाटतं.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगायची आहे. ध्यान प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतंच असं नाही. ज्यांच्या मनावर खोल आघात आहेत, त्यांना डोळे मिटून आत पाहताना तेच सगळं अंगावर येऊ शकतं. एका ठिकाणी एक बाई हमसून हमसून रडत होत्या आणि त्यांना सांगितलं गेलं, 'मळ बाहेर पडतोय, बसून राहा.' मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अशा वेळी डोळे उघडावेत, उठावं, चार पावलं चालावं, कुणाशी तरी बोलावं. मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी बोलूनच बसावं आणि ध्यानाच्या भरवशावर गोळ्या कधीही परस्पर बंद करू नयेत. पहिल्याच फटक्यात दहा दिवसांच्या मौनात उडी मारायची तर गरजच नसते.

मैत्रिणीला मी एवढंच सुचवलं. दहा मिनिटं बस. खुर्चीवर बसलीस तरी चालेल, पाठ ताठ पण ताणलेली नको. उठल्यावर कसं झालं ते स्वतःला विचारू नकोस.

काल रात्री तिचा मेसेज आला, 'आज सतरा वेळा पळालं. मोजलं मी.' मी लिहिलं, 'उद्या मोजू नकोस, नुसती बस.' उद्या सकाळी साडेसहाला ती तिच्या घरी बसणार आहे, मी माझ्या.