संत्र्याच्या डोळकाड्या बॅगेत टाकून विदेशात नेऊ नका

"विदेशातल्या आपल्या लेकरांसाठी खास! बर्फातही घरात पिकवा नागपुरी संत्रा, आंबा, केळी, पपई" हा मेसेज पुन्हा फिरून राहिलाय. खाली सात मुद्दे आणि शेवटी "प्रत्येक मराठी घरात पाठवा". फोटोत निळ्या ड्रममध्ये संत्र्याने लदलेलं झाड, मागे खिडकीबाहेर बर्फ. आतापर्यंत पाहून सोडून देत होतो, कारण आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्यावर रोज काही ना काही येतच राहते, कुठे कुठे उत्तर देणार. पण आता तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. ती अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटा राज्यात राहते, आई पुढच्या महिन्यात तिच्याकडे चालली, आणि मेसेजमधला पाचवा मुद्दा वाचून फर्माईश अशी झाली की आईने आपल्याच बागेतल्या चार डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी डोळे काढायच्या फांदीच्या काड्या, ओल्या पेपरात गुंडाळून बॅगेत आणायच्या. मी नाही म्हटलं तं आई म्हणते, "चार काड्या नेल्या तं काय होते रे?"

काय होते तेच सांगतो. म्हणून पाचवा मुद्दा आधी घेतो, बाकीचे नंतर.

मेसेज म्हणतो, "गावच्या निरोगी झाडाची काडी ओल्या पेपरात, वरून प्लास्टिक, कपड्यांच्या मध्ये ठेवा, कोणी विचारत नाही." हे वाक्य लिहिणाऱ्याला दोन गोष्टी माहीतच नाहीत. एक तं अमेरिकेत संत्रा, मोसंबी, लिंबू यातलं कोणतंही झाड, कलम की डोळकाडी प्रवाशाने अशी आणायला बंदी आहे. विमानातून उतरल्यावर झाडंझुडं, बिया, फळं, माती जे असेल ते सांगावं लागते, तिथे वास घेणारे कुत्रे फिरत असतात, न सांगता सापडलं की माल जप्त आणि वरून दंड. साठीच्या पुढची, इंग्रजी न येणारी बाई तिथे वर्दीवाल्यासमोर एकटी उभी राहील आणि तिला कळणारही नाही की आपण काय केलं. "कोणी विचारत नाही" लिहिणारा तेव्हा कुठे असेल?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. "निरोगी झाड" म्हणजे कोणतं? संत्र्याला जो ग्रीनिंग रोग होतो त्याचा जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो. त्या झाडावरचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधला की रोगही त्याच्यासोबत बांधला गेला. आणि रोग शिरल्यापासून दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी कधी वर्षंही जातात, तोवर झाड हिरवंगार दिसते. आपल्या बागेत हा रोग पसरवते ती सिट्रस सिला, जी प्रत्येक संत्रावाल्याने पाहिलेली आहे, फक्त लक्ष देऊन पाहिली नसेल. नवी कोवळी फूट आली की भिंग घेऊन पाहा, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, भुरकट किडा डोकं पानाला टेकवून आणि मागचा भाग वर उचलून तिरपा बसलेला असतो, आणि तिची पिल्लं मागून पांढरे मेणाचे धागे सोडतात. पानावर पिवळे चट्टे येतात ते मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात, एकीकडे पिवळं तं दुसरीकडे हिरवं. अन्नद्रव्य कमी पडलं तं पिवळेपणा दोन्हीकडे सारखा येतो, हा फरक पाहायचा. फळ वाकडं राहते, पिकताना खालचा भाग हिरवाच राहून जाते. एकदा लागला की यावर औषध नाही.

हा रोग अमेरिकेत फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला. त्याच्या आधी २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटी खोक्यांच्या वर संत्रा निघत होता. २०२४-२५ मध्ये तो दीड कोटीच्याही खाली आला. मधात वादळांनीही झोडपलं हे खरं, पण बागा मुळापासून कमजोर केल्या त्या या रोगाने. आपल्याकडे भाव पडला, गारपीट झाली तरी पुढच्या बहाराची आशा असते, तिथे माणसांनी बागा विकून टाकल्या आणि त्या जागी घरं बांधली गेली. संत्र्यावर जगणाऱ्या माणसाला हे वाचून काही वाटत नसेल तं मग बोलणंच खुंटलं.

यावर एका भावाने मला लिहिलं की मिनेसोटात संत्र्याच्या बागाच नाहीत, तिथे रोग गेला तरी कोणाचं काय बिघडते. तं ऐका. कॅलिफोर्नियात हा रोग पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला, लॉस एंजेलिसजवळ, आणि तो कोण्या मोठ्या बागेत नव्हता, वस्तीतल्या एका घराच्या आवारातल्या झाडात होता. घरचं झाड, हौसेचं झाड. माणूस नोकरी बदलतो, मिनेसोटातून टेक्सासला जातो, सोबत कुंडी नेतो, मित्राला डोळा देतो. कायदा पूर्ण देशाला एक आहे तो याच्यासाठीच.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. तिकडे कुंडीत सगळ्यात जास्त लावतात ते मायर लिंबू. फ्रँक मायर नावाच्या माणसाने ते १९०८ मध्ये चीनमधून अमेरिकेत आणलं, तो तिथल्या कृषी खात्याचाच माणूस होता. झाड दिसायला उत्तम, फळ भरपूर, घरोघरी लागलं. पुढे कळलं की या झाडांच्या अंगात ट्रिस्टेझा नावाच्या रोगाचा विषाणू आहे, त्यांच्यावर स्वतःवर काही लक्षण दिसत नाही पण शेजारच्या संत्र्याला मारू शकतो. ती जुनी झाडं काढावी लागली आणि विषाणू नसलेली निवड १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिली, आता मिळते ती तीच. सरकारी तज्ज्ञाने पारखून आणलेल्या झाडात हे निघालं, आणि हा मेसेज आईच्या साड्यांच्या घडीत काडी ठेवायला सांगतो.

आपल्याच नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथे रोगमुक्त कलमा तयार करतात तेव्हा शेंड्याचा अगदी सूक्ष्म कोंब घेऊन काचेच्या नळीत कलम करतात, तपासण्या करतात, मग जाळीच्या घरात वाढवतात. एवढं करतात कारण साध्या डोळ्यासोबत काय काय येते हे त्यांना माहीत आहे. आपल्या शेतात लावायची कलम घेतानाही आपण पन्हेरी (रोपवाटिका) पाहून, माहितीच्या माणसाकडून घेतो ना?

आता बाकीचे मुद्दे.

पहिला मुद्दा, "बी लावा, वर्षभरात फळ." यातलं अर्धं खरं आहे ते मान्य करतो. नागपुरी संत्र्याच्या एका बीतून दोन-तीन अंकुर निघतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडासारखेच असतात, म्हणजे बीपासून संत्राच येईल, भलतंच काही नाही येणार. पण वर्षभरात? बीचं झाड आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या उन्हात सहा-सात-आठ वर्षं घेते, तोवर नुसते लांब काटे आणि पानं. कुंडीत, खिडकीत, अर्धं वर्ष अंधारात त्याहून जास्तच लागतील. आंब्याचं तं तेही नाही, आपल्या बहुतेक जातींच्या कोयीतून मूळ झाडासारखं झाड येत नाही.

दुसरा मुद्दा, "२०० लिटरचा ड्रम घ्या, मोठ्या भांड्यात झाड लवकर वाढते." लहान रोप मोठ्या ड्रममध्ये लावलं की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मूळकूज लागते, आपल्याकडे डिंक्या (खोडातून डिंक गळतो तो रोग) ज्या बुरशीने होते तीच फायटोफ्थोरा. आणि ओल्या मातीचा २०० लिटरचा ड्रम ३०० किलोच्या आसपास भरते. मिनेसोटात ऑक्टोबरमध्ये पहिलं दव गोठलं की तो कोण घरात ओढणार? कुंडी थोडी थोडी मोठी करत न्यायची.

तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र घेतो कारण सगळी गडबड इथे आहे. "हिवाळ्यात झाड हिटरजवळ ठेवा, रोज एक ग्लास कोमट पाणी द्या" आणि "फूल यायला गावासारखा महिनाभर ताण द्या." ताण म्हणजे पाणी तोडणं.

थंड देशात कुंडीत संत्रा होतच नाही असं मी म्हणत नाही. होतो, आणि साडेतीनशे वर्षांपासून होतो. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्यासाठी वेगळी इमारत आहे, ओरांजरी म्हणतात, १६८४ ते १६८६ मध्ये बांधली, झ्यूल आर्दुआँ-मान्सार नावाच्या वास्तुकाराने. लाकडी खोक्यांत लावलेली हजारावर झाडं हिवाळाभर तिच्यात ठेवतात आणि मे महिन्यात बाहेर अंगणात काढतात. त्या खोक्यांच्या बाजू उघडता येतात म्हणजे मुळं तपासता येतात, छाटता येतात. पण या इमारतीत शेकोटी-हिटर नाही. भिंती कित्येक फूट जाड, मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे, बस्स. आत पाणी गोठत नाही, पण उबही नसते. झाड तिथे झोपते.

मेसेज याच्या बरोबर उलट सांगतो. संत्र्याची मुळं १२-१३ अंशांच्या खाली जवळजवळ काम बंद करतात. आता कुंडी थंडगार फरशीवर, पानावर खिडकीचं ऊन आणि बाजूने हिटरची कोरडी हवा. पान पाणी मागते, मूळ देऊ शकत नाही, मग पानं गळून झाड उघडं पडते. लोकांना वाटते पाणी कमी झालं, ते आणखी ओततात, मूळ सडते. वरून कोरड्या गरम हवेत लाल कोळी आणि खवले कीड भरभरून वाढतात, कारण घरात ना पाऊस ना मित्रकीड.

आणि उजेडाचा कोणी विचारच करत नाही. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहरात २१-२२ अंशांवर, आणि दिवस पावणेनऊ तासांचा. काचेतून येणारा तेवढा उजेड झाडाला जिवंत ठेवायला पुरतो, गरम खोलीत वाढवायला पुरत नाही. म्हणून दोनच रस्ते आहेत. एक तं पूर्ण थंड ठेवा, ७ ते १२ अंश, उजेडाची खोली, पाणी अगदी कमी, खत बंद. नाही तं पूर्ण उबदार ठेवा, मग वरून दिवा पाहिजे आणि कुंडी फरशीवरून उचलून लाकडाच्या पाटावर. अर्धं गरम अर्धं थंड केलं की झाड गेलं. व्हर्सायची थंडी मिनेसोटाएवढी नसते हेही सांगून ठेवतो, मिनेसोटात जानेवारीची रात्र सरासरी उणे १३ च्या आसपास जाते, तं बिनहिटरच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका, गोठेल.

ताणाचं तं वाचून डोकंच फिरलं. आपण आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा संपताना येणाऱ्या फुलासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो, जमिनीप्रमाणे महिना ते दोन महिने, कारण आपली भारी जमीन खाली ओल धरून ठेवते आणि मुळं तिथपर्यंत गेलेली असतात. झाड सुकत नाही, फक्त थांबते, पानं थोडी मुडपतात, मग पहिलं पाणी हलकं देऊन ताण तोडतो. कुंडीत एवढ्याशा मातीत महिनाभर पाणी तोडलं तं झाड सरळ वाळेल, मग कोणतं फूल आणि कोणता बहार. आणि गरजही नाही. संत्र्याला फूल यायला ताण लागतो किंवा थंडी लागते. २० अंशांच्या खाली काही आठवडे गेले की फुलाची तयारी होते. आपल्याकडे थंडी थोडीच, म्हणून ताणाची जोड द्यावी लागते. बहिणीकडे थंडी फुकट आहे, तिने झाड थंड खोलीत ठेवलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल आपोआप येईल.

सहावा मुद्दा, पिवळ्या पानांना ॲस्पिरिन, दालचिनी आणि एप्सम मीठ. सोडून द्या. पानं पिवळी पडतात ती बहुतेक थंड मुळांमुळे, मूळ गरम झालं की हिरवी होतात.

सातवा मुद्दा, केळी-पपई-आंबा "सारख्याच पद्धतीने". नाही. संत्रा थंडी सोसतो, हे तिघे सोसत नाहीत. केळी १४ अंशांच्या खाली वाढायची थांबते, आंब्याचा मोहोर थंडीत आला तं फळ धरत नाही. एवढं आहे तं आम्रपालीसारखी ठेंगणी जात, जी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने १९७१ मध्ये काढली, ती भारतात गच्चीवर बरी होते, पण बर्फाच्या देशात खिडकीत आंबे पिकतील असं कोणी सांगू नये.

बहिणीला मी हेच लिहून पाठवलं. तिकडच्या परवानाधारक नर्सरीतून कलामोंडिन (लहान आंबट संत्र्यासारखं फळ) किंवा सुधारित, म्हणजे विषाणू नसलेलं, मायर लिंबू घे, कलमाचं घे, बीचं नको, खुंट ट्रायफोलिएट (तीन पानी लिंबूवर्गीय जात) असेल तं चांगलं, झाड ठेंगणं राहते. मे संपत आला की बाहेर काढ, पहिला आठवडा सावलीत, नाही तं पानं भाजतात. रात्र १० अंशांच्या खाली जायला लागली की आत घे. नागपुरी संत्रा पाहिजे असेल तं डिसेंबरात घरी ये, झाडावरचा तोडून खा. आणि आईच्या बॅगेतला तो ओला पेपर मी काढून टाकला, तिच्या जागी तिखटाची आणि हळदीची बंद पाकिटं ठेवली. तीही तिथे उतरल्यावर सांगायची, हे आईला वहीत मराठीत लिहून दिलंय.