‘ग्रेप आहे की! मग हा खटाटोप कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवण्याची चौकट) ॲपच्या लॉगवर, म्हणजे ॲप काय करतंय याच्या नोंदींवर, मी लिहिलं त्यावर तुम्ही चांगली खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. उत्तर लांबलं, म्हणून ते वेगळंच टाकतोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं असं होतं की एंजिनएक्सपासून (ॲपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) सेलरीपर्यंत (मागे चालणारी कामं उरकणारी यंत्रणा) लॉगच्या प्रत्येक ओळीवर रिक्वेस्ट आयडी, म्हणजे त्या मागणीचा वेगळा ओळख क्रमांक, हवा. शिवाय रिक्वेस्ट संपताना कोण, काय, किती वेळ आणि निकाल काय हे सगळं सांगणारी एक भरगच्च ओळ हवी. त्यावर तुमचे आक्षेप असे: एका सर्व्हरवरच्या ॲपला ही चैन कशाला, ग्रेप (फायलीत शब्द शोधणारी कमांड) पुरतो, जेसन (माहिती कंसात मांडण्याचा साचा) माणसाला वाचायला जड जातो, अडलं की डीबग लेव्हल (सगळ्यात बारीक नोंदींची पातळी) चालू करता येते, आणि प्रोसेसच मेली तर ती भरगच्च ओळ लिहिणार कोण? शेवटी ‘लॉग वाढवा सांगणाऱ्यांना डिस्क भरावी लागत नाही’ असा टोलाही आहे.

प्रोसेस मरण्याचा आक्षेप सगळ्यात तगडा आहे, तोच आधी घेतो.

समजा कुणीतरी वर्षभराच्या विक्रीचा एक्सेल अहवाल मागितला. कोडनं सगळी रेकॉर्ड एकदम मेमरीत ओढली. मेमरी संपली आणि लिनक्सच्या कर्नेलनं गनिकॉर्नचा (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) तो वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस, मारून टाकला. अशा मरणात पायथनला शेवटचा श्वासही मिळत नाही. एक्सेप्शन येत नाही, फायनली (शेवटी हमखास चालणारा कोड) चालत नाही, ट्रेसबॅक (चूक कुठे झाली याचा माग) पडत नाही. ॲपच्या लॉगमध्ये एरर शोधणारा माणूस तासभर शोधून ‘आमच्याकडे तर काहीच आलं नाही’ असं म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरंच असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणूनच आयडी ॲपमध्ये तयार करू नका, एंजिनएक्समध्ये करा, यावर माझा एवढा भर होता. १.११.० या आवृत्तीपासून एंजिनएक्समध्ये रिक्वेस्ट_आयडी नावाचं व्हेरिएबल आयतंच आहे. त्यात प्रत्येक रिक्वेस्टसाठी ३२ अक्षरांचा हेक्स आकडा मिळतो. तो ॲक्सेस लॉगमध्ये लिहायचा आणि एक्स-रिक्वेस्ट-आयडी या हेडरमधून गनिकॉर्नकडे पाठवायचा. ॲपनं रिक्वेस्ट हातात घेताच एक छोटी ओळ लिहायची आणि संपताना मोठी. मग वरच्या प्रसंगात लॉग असा दिसेल (नावं मराठीत करून लिहितोय):

ॲप: आयडी=७सी४१… टप्पा=सुरू मार्ग=/अहवाल/एक्सेल युजर=४१०७ प्रोसेस=२२९१
एंजिनएक्स: आयडी=७सी४१… स्थिती=५०२ वेळ=१८.९०४ कनेक्शन=८८१२०

‘सुरू’ आहे, ‘संपली’ नाही, आणि बाहेर ५०२ (मागच्या ॲपकडून नीट उत्तर मिळालं नाही) गेलाय. आता ही न आलेली ओळच पुरावा झाली. प्रोसेस २२९१ हा आकडा घेऊन कर्नेलच्या लॉगमध्ये बघायचं, तिथे ‘मेमरी संपली, प्रोसेस मारली’ अशी नोंद सापडते. गनिकॉर्नचा मास्टरसुद्धा हल्ली वर्करला सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीनं मारणारा संदेश) मिळाल्याचं सांगतो आणि वर ‘मेमरी संपली असेल का?’ अशी शंकाही काढतो. युजर ४१०७ च्या खात्यात रेकॉर्ड किती हे पाहिलं की कारण समोर येतं. म्हणजे भरगच्च ओळ लिहिली गेली नाही तरी तपास अडत नाही. मात्र तिची वाट बघणारी दुसरी कुणीतरी ओळ हवी, आणि ती त्या प्रोसेसच्या बाहेरची हवी.

त्या ओळीत मी ‘कनेक्शन’ मुद्दाम घातलंय. एंजिनएक्सच्या एरर लॉगचा साचा आपल्याला बदलता येत नाही, त्यामुळे ‘अपस्ट्रीमनं (म्हणजे मागच्या गनिकॉर्ननं) कनेक्शन मध्येच बंद केलं’ या त्याच्या तक्रारीवर आपला आयडी नसतो. पण त्या ओळीत फुलीच्या खुणेपुढे कनेक्शनचा क्रमांक असतो. तोच क्रमांक ॲक्सेस लॉगमध्ये घेतला की दोन्ही फायलींची सांगड बसते. हे कागदोपत्री लिहिलेलं असूनही फारसं कुणी वापरताना दिसत नाही. आणि एंजिनएक्सच्या ‘कंबाइंड’ नावाच्या आयत्या साच्यात रिक्वेस्टला किती वेळ लागला हेही नसतं! ‘साइट स्लो आहे’ या तक्रारीचं उत्तर त्या लॉगमध्ये मिळणं शक्यच नाही.

आता ग्रेप. मी स्वतः रोज ग्रेप वापरतो, तेव्हा भांडण त्याच्याशी नाही. सर्व्हर एक असला तरी गनिकॉर्नचे वर्कर चार असतात आणि चौघं एकाच फायलीत लिहितात. तुम्ही म्हणता तसा ऑर्डर क्रमांकानं ग्रेप मारला, तर ज्या ओळींत तो क्रमांक लिहिलाय तेवढ्याच येणार: ‘पेमेंट सुरू’ आणि दहा सेकंदांनी ‘पेमेंट अयशस्वी’. मधे काय घडलं ते युआरएललिब३ नं (बाहेरच्या सर्व्हरशी बोलणारी पायथनची लायब्ररी) सांगितलेलं असतं, की कनेक्शन तुटलं, पुन्हा प्रयत्न करतोय. पण त्या बिचाऱ्या लायब्ररीला तुमची ऑर्डर काय माहीत? तिच्या ओळीत क्रमांक नाही, म्हणून ती ग्रेपमध्ये नाही. मागच्यापुढच्या वीस ओळी मागवल्या तर उरलेल्या तीन वर्करांची भेसळ पदरात पडते.

यावर उपाय पायथनमध्येच आहे. ३.७ पासून काँटेक्स्टव्हार्स (चालू रिक्वेस्टपुरती माहिती जपणारी व्हेरिएबलं) आहेत. मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड) आयडी तिथे ठेवायचा आणि लॉगिंगच्या फिल्टरनं तो प्रत्येक रेकॉर्डला चिकटवायचा. एक खाच मात्र आहे: फिल्टर हँडलरवर (ओळ फायलीत लिहिणारा भाग) लावा, लॉगरवर (ओळ तयार करणारा भाग) नको. रूट लॉगरवर लावलेला फिल्टर खालच्या लॉगरांकडून वर चढत आलेल्या रेकॉर्डवर चालत नाही, त्यामुळे नेमक्या लायब्रऱ्यांच्या ओळी कोऱ्या राहतात. ‘आम्ही आयडी लावून पाहिला, काही उपयोग झाला नाही’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच पेंड खातं. हँडलरवर लावल्यावर तुमचा लाडका ग्रेपच चालतो, फक्त दोनदा: आधी ऑर्डर क्रमांकानं आयडी शोधायचा, मग आयडीनं सगळी कहाणी.

जेसनबद्दल तुमचं बरोबर आहे, डोळ्यांना तो त्रासच देतो. पण माझा हट्ट जेसनचा नव्हताच. वर लिहिलंय तसं ‘नाव=किंमत’ लिहा, ग्रेपलाही चालतं आणि मशीनलाही. हट्ट आहे तो वाक्य स्थिर आणि बदलती माहिती वेगळी ठेवण्याचा. एफ-स्ट्रिंगमध्ये (वाक्यातच किमती भरण्याची पायथनची सोय) ऑर्डर क्रमांक, रक्कम, ग्राहकाचं नाव सगळं एकाच वाक्यात कोंबलं की प्रत्येक ओळ जगावेगळी होते, आणि ‘ही चूक आज किती वेळा झाली’ हा साधा हिशेबही लागत नाही.

डीबग लेव्हल ‘गरज पडली की’ चालू करण्याबद्दल एवढंच म्हणेन: बैल गेला आणि झोपा केला. रात्री दोनला अडकलेलं पेमेंट सकाळी डीबग चालू केल्यावर पुन्हा तसंच अडकून दाखवेल, ही अपेक्षा भाबडी आहे. शिवाय जँगोत एक गंमत आहे. एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांच्या) ओळी छापणारा लॉगर लेव्हल बदलून बोलू लागत नाही, त्याला सेटिंगमधलं डीबग ‘ट्रू’ लागतं. आणि प्रॉडक्शनवर ते करायचं म्हणजे एरर आली की कोडचे तुकडे, सेटिंग, व्हेरिएबलं सगळं येणाऱ्याजाणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये! त्यापेक्षा पोस्टग्रेस या डेटाबेसलाच सांगा की अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त चाललेली क्वेरी नोंदव. त्यासाठी लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट आहे. सोबत लॉग_लॉक_वेट्स चालू करा. कोण कुणाच्या लॉकपाशी ताटकळत बसलं होतं ते आपोआप कळतं, आणि त्यासाठी ॲपला हातही लावावा लागत नाही.

डिस्कचा टोला मान्य, पण डिस्क कशानं भरते ते एकदा बघा. लोड बॅलन्सरच्या ‘जिवंत आहेस का?’ या चौकशा, डॉकरचा (ॲप डब्यात बंद करून चालवणारं साधन) जेसन-फाइल ड्रायव्हर (त्याला आपण मर्यादा घातली नाही तर तो फाइल वाढवतच राहतो), आणि लूपमध्ये ठेवलेले ‘इथे आलो’, ‘इथे पण आलो’. हे काढलं तर दोन नेटक्या ओळींचं ओझं होत नाही. तरीही जड वाटलं तर यशस्वी आणि झटपट झालेल्या रिक्वेस्टपैकी थोड्याच ठेवा. फसलेल्या आणि रेंगाळलेल्या मात्र सगळ्या. सुट्या ओळी गाळू नका, आख्खी रिक्वेस्ट ठेवा किंवा आख्खी गाळा.

तुम्ही ओझरतं विचारलंत की मग पूर्ण रिक्वेस्ट बॉडीच (युजरनं पाठवलेली सगळी माहिती) का लिहू नये, सगळंच हाताशी राहील. नाही, अजिबात नको. ट्विटरला मे २०१८ मध्ये ३३ कोटी युजरना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं, कारण हॅश होण्याआधीच (उलटं न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच) पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये लिहिले जात होते. आपल्याकडे ओटीपी, आधार, यूपीआय आयडी सगळं त्याच बॉडीत असतं. आणि सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत, म्हणजे आज चुकून लिहिलेला आधार क्रमांक सहा महिने तुमच्या गळ्यात. काय गाळायचं याची यादी करू नका, ती कायम अपुरीच पडते. काय लिहायचं त्याची यादी करा. त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, तेही करून टाका. आणि वेळ लिहिताना शेजारी +०५:३० किंवा यूटीसी काय ते स्पष्ट लिहा, नाहीतर साडेपाच तासांच्या फरकानं पोस्टग्रेस आणि ॲप वेगवेगळ्या दिवशी बोलताना दिसतात.

‘जुन्या कोडमध्ये हे सगळं घालायला वेळ कुणाला आहे?’ असंही तुम्ही विचारलंत. सगळं एकदम घालूच नका. आधी एंजिनएक्सच्या साच्यात आयडी, कनेक्शन, एकूण वेळ आणि अपस्ट्रीमचा वेळ. यात पायथनची एक ओळही बदलत नाही. मग मिडलवेअर आणि हँडलरवरचा फिल्टर. सेलरीचं मागाहून करा, पण विसरू नका: काँटेक्स्टव्हार वर्करपर्यंत आपणहून पोचत नाही, टास्क पाठवताना आयडी हेडरमध्ये घालायचा आणि तिकडे टास्क सुरू होताना परत बसवायचा. आणि ५०० च्या (सर्व्हरमध्ये चूक झाल्याच्या) पानावर ‘काहीतरी चुकलं’ लिहितोच आपण, त्याखाली आयडीची पहिली आठ अक्षरं छापा. ग्राहक त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवेल, तेव्हा ‘साधारण किती वाजता झालं, आठवतंय का?’ हे विचारावं लागणार नाही.