फुटबॉलची कॉन्फरन्स आणि पोरीची डिग्री: एका फॉरवर्डेड मेसेजचा समाचार

‘पालकांनो, वेळीच सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या अमेरिकेला मुलं पाठवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो पुण्याहून मावसबहिणीने पाठवला. खाली तिचं एकच वाक्य होतं: “अरे, तू तिथे राहतोस, आधी का नाही सांगितलंस?” तिच्या मुलीला कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसला अ‍ॅडमिशन मिळाली आहे. डिपॉझिट भरून झालंय, बँकेचं कर्ज मंजूर झालंय, आणि आता कुणा अनामिक ‘करिअर मार्गदर्शका’मुळे घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण आहे. मी ओरेगनमध्ये नोकरी करतो, आणि फुटबॉलच्या हंगामात शनिवारी नारिंगी टी-शर्ट घालून याच विद्यापीठाच्या रेझर स्टेडियममध्ये घसाही बसवून घेतो. ताईला फोनवर सगळं समजावलं. पण तोच मेसेज इतर ठिकाणांहूनही यायला लागला, तेव्हा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

मेसेजचा मथितार्थ असा. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांना खराब कामगिरीमुळे ‘पॅक-१२’ या अव्वल गटातून काढलं. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी त्यांच्यासोबत बसायला नकार दिला. आता ही दोन्ही ‘दुसऱ्या श्रेणीत’ गेली, त्यामुळे डिग्रीही दुसऱ्या श्रेणीची. कंपन्या आणि व्हिसा अधिकारी हे तपासतात. शिवाय विद्यापीठ दिवाळखोरीत निघालंय, फी भडकणार. आणि गट नव्याने उभा राहतोय ही निव्वळ धूळफेक आहे.

मला दाट संशय आहे की याचं मूळ बीव्हर्सच्या, म्हणजे ओरेगन स्टेटच्या टीमच्या, कुणा वैतागलेल्या चाहत्याच्या पोस्टमध्ये असणार. “आता आपण माउंटन वेस्टवाले झालो”, “आता आपल्याला कोण विचारतंय” ही रड इथे टेलगेटला, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमधल्या पार्टीत, बर्गर उलटता उलटता, प्रत्येक मॅचआधी ऐकू येते. (माउंटन वेस्ट हा खेळातला एक कमी श्रीमंत गट.) ती सगळी रड टीमबद्दलची. ती मराठीत आणताना कुणीतरी टीमच्या जागी युनिव्हर्सिटी घातली आणि ध चा मा झाला.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी: अमेरिकेत विद्यापीठांच्या टीमा ‘कॉन्फरन्स’ नावाचे गट करून आपापसात खेळतात, आणि ते गट सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकतात. पॅक-१२ हा पश्चिम किनाऱ्यावरचा जुना गट. १९१५ मध्ये पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी त्याची मुहूर्तमेढ रोवली, आणि त्या चारांत ओरेगन स्टेट होतं. नाव तेव्हा वेगळं होतं, ओरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज.

आता पहिला मुद्दा, खराब कामगिरीमुळे हकालपट्टी. आपल्याकडे रणजीत हरत राहिलं की टीम प्लेट गटात जाते, तसं काहीसं या मार्गदर्शकांच्या डोक्यात असावं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये अशी पद्धतच नाही. हरलं म्हणून कुणी खाली जात नाही आणि जिंकलं म्हणून कुणी वर चढत नाही. शिवाय ओरेगन स्टेट हरत होतं हे तरी कुणी सांगितलं? २०२२ मध्ये टीमने १३ पैकी १० सामने जिंकले. त्यात शेजारच्या युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनच्या टीमला, डक्सना, ३८-३४ असं हरवलं आणि लास व्हेगास बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात फ्लोरिडाला ३०-३ असं धुतलं. २०२३ मध्ये, म्हणजे गट फुटला त्याच वर्षी, आठ सामने जिंकले. त्या हंगामात स्टॅनफर्ड तीन जिंकलं आणि नऊ हरलं. अ‍ॅरिझोना स्टेटचंही तेच. कोलोरॅडोने चार जिंकले. या तिघांना नवं घर आधीच मिळालं होतं.

खरं कारण टीव्हीचा पैसा. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन गटात जात असल्याचं जाहीर केलं. दोघंही लॉस एंजेलिसचे, म्हणजे टीव्हीच्या बाजाराचा सगळ्यात मोठा तुकडा तिथेच गेला. उरलेल्या दहांना ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने दर विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. यांच्या कुलगुरूंनी ५ कोटी मागितले. ईएसपीएन उठून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात अ‍ॅपलचा प्रस्ताव आला तो त्याहून कमी रकमेचा, आणि वर्गणीदार किती मिळतात यावर टांगलेला. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बाहेर पडलं. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा असे पाच जण गेले. कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन ही छोटी गावं. तिथल्या टीमांमुळे कुठल्याही चॅनेलचा धंदा वाढत नव्हता, म्हणून त्यांना कुणी बोलावलं नाही. अन्याय म्हणा, बाजार म्हणा. पण परीक्षेत नापास झाल्याचा निकाल हा नव्हे.

आणि ‘काढून टाकलं’ हे तर सरळसरळ खोटं आहे. इथे कोर्टाचा निकाल आहे, तो बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट कोलफॅक्सच्या व्हिटमन काउंटी सुपीरियर कोर्टात गेले. कोलफॅक्स म्हणजे पुलमनजवळचं गव्हाच्या शेतांतलं तालुक्यासारखं गाव. प्रश्न होता गटाच्या संचालक मंडळावर बसायचं कोणी. गटाच्या घटनेत कलम होतं की मुदतीआधी बाहेर पडण्याची नोटीस देणाऱ्या सदस्याची मंडळावरची जागा जाते. गंमत म्हणजे यूएससी आणि यूसीएलए निघाले तेव्हा गटाने याच कलमावर बोट ठेवून त्यांना मंडळावरून उतरवलं होतं. स्वतःची पाळी आली तेव्हा बाकीचे म्हणायला लागले, आम्हाला मात्र मत हवं. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी आधी तात्पुरता मनाई हुकूम दिला, आणि १४ नोव्हेंबरच्या आदेशाने मंडळ या दोघांच्या हाती सोपवलं. महिन्याभरात वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. शेवटी तडजोड झाली. जाणाऱ्या दहा जणांना मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर मागे सोडावे लागले. नाव, तिजोरी आणि पुढची येणी राहिलेल्या दोघांकडे. ज्यांना घरातून हाकललं असं मेसेज सांगतो, घराच्या किल्ल्या कोर्टाने त्यांच्याच हातात दिल्या. जे गेले ते आपल्या पायांनी गेले.

स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या ‘नकारा’वर फार वेळ घालवत नाही. ऑगस्टभर हे दोघंही याच दोघांसोबत उघड्यावर होते. १ सप्टेंबरला त्यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतलं, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम ३० टक्के वाटा घेऊन. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या गटात! शैक्षणिक प्रतिष्ठेचा हा मान असेल तर नकाशा तरी बदलून घ्या.

आता तो मुद्दा, ज्याने ताईची झोप उडवली: कॉन्फरन्स गेली म्हणून डिग्रीची किंमत गेली. याला बादरायण संबंधही म्हणवत नाही, कारण त्यात निदान बोरीचं झाड आणि चाक तरी होतं. ओरेगन स्टेटची मान्यता नॉर्थवेस्ट कमिशन ऑन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या संस्थेकडून येते. फुटबॉलच्या गटाशी तिचा काडीचा संबंध नाही. व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म विद्यापीठ देतं, आणि ते देण्याची परवानगी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एसईव्हीपी या यंत्रणेकडून असते. एमएसनंतर स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांच्या विद्यार्थ्यांना कामासाठी २४ महिन्यांची जी वाढ मिळते, ती विषय कोणता आणि विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का यावर ठरते. मुंबईच्या वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो पैसे कोण भरणार, हेच विद्यापीठ का, परत येणार का. टीम कुठल्या गटात खेळते हे तो कशाला विचारेल? संशोधनाच्या कार्नेगी वर्गवारीत ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोन्ही सर्वोच्च ‘आर-१’ गटात आहेत. डिग्रीबद्दल बोलायचं तर हा गट बघा, पोराटोरांच्या टॅकलिंगचा नको.

फुटबॉलच्या पातळीवरून विद्यापीठ जोखायचंच असेल, तर मग हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये पोरांना पाठवू नका. त्यांचा आयव्ही लीग गट चार दशकांहून जास्त काळ दुसऱ्या पातळीवर, एफसीएसमध्ये खेळतोय, आणि खेळासाठी शिष्यवृत्त्याही देत नाही. एमआयटी तर त्याहून खाली, तिसऱ्या विभागात. शिकागो विद्यापीठ आज ज्याला श्रीमंत गट म्हणतात त्या बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी, १९३५ ची पहिलीच, त्यांच्याच जे बर्वांगरला मिळाली. १९३९ मध्ये त्यांनी फुटबॉलच बंद केलं. मग ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवून दाखवली. मेसेजच्या हिशोबाने शिकागोची डिग्री तीन वर्षं आधीच रद्दीत गेली होती.

इतकं लांब कशाला जायचं? कॉर्व्हॅलिसचंच घ्या. १९७१ ते १९९८, ओळीने २८ हंगाम ओरेगन स्टेटची टीम जिंकण्यापेक्षा हरली जास्त. तेव्हा ती कॉन्फरन्स मात्र अव्वल होती बरं का! त्या काळाचा तळ म्हणजे नोव्हेंबर १९८३ मधला यूजीनचा सामना, ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट. पाऊस, निसरडा चेंडू, अकरा वेळा हातातून सुटलेला, पाच वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकलेला, चार फील्ड गोल हुकलेले. निकाल ०-०. लोक आजही त्याला ‘टॉयलेट बोल’ म्हणतात. त्याच शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, १९८४ मध्ये, जेन्सन हुआंग याच विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडले. एनव्हिडियाचे हुआंग. मेसेज पाठवणाऱ्याच्या मुलाला जिथे नोकरी लागावी म्हणून नवस बोलले जातात, ती कंपनी. नोकरी देणाऱ्याने त्यांना “तुमची टीम शून्यावर का अडकली?” असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

पैशांच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि नाइलाजाने ते मान्य करतो. पूर्वी गटाकडून वर्षाला ३ कोटी डॉलरहून जास्त यायचे. नव्या करारांत त्याचा अंशच येणार. २०२४ चा हंगाम निभावण्यासाठी माउंटन वेस्ट गटाला १ कोटी ४० लाख डॉलर मोजून सामने ‘विकत’ घ्यावे लागले. खेळाडू पांगले. वॉशिंग्टन स्टेटचा कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि तिथून २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. आमचा प्रशिक्षक जोनाथन स्मिथ, स्वतः इथलाच माजी क्वार्टरबॅक, २०२३ चा शेवटचा साखळी सामना संपल्या संपल्या मिशिगन स्टेटला गेला; ती जखम अजून ओली आहे. २०२५ मध्ये आम्ही पहिले सातही सामने हरलो आणि हंगामाच्या मध्यावर त्याच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला. तेव्हा क्रीडा विभाग अडचणीत आहे, हो, आहे. पण क्रीडा विभागाचं अंदाजपत्रक वेगळं असतं. त्यांच्या टीव्हीचा हप्ता चुकला म्हणून कॉम्प्युटर सायन्सच्या प्रयोगशाळेला कुलूप लागत नाही. फी वाढेल का? वाढतेच, सगळीकडे, गट अव्वल असला तरी.

राहिली ‘धूळफेक’. २०२६ पासूनच्या पॅक-१२ मध्ये फुटबॉलच्या आठ टीमा आहेत: राहिलेले दोघं, टेक्सस स्टेट, आणि माउंटन वेस्टमधून आलेले बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट. आठातले पाच जण माउंटन वेस्टचे म्हटल्यावर “जुन्या बाटलीवर नवं लेबल” असं चाहते म्हणणारच, आणि मी त्यांच्याशी भांडत नाही. लॉस एंजेलिसची टीम शनिवारी कॉर्व्हॅलिसला यायची ती मजा परत येणार नाही. पण ज्या बॉइझीला आमचे लोक नाकं मुरडतात, तिने २०२४ मध्ये बारा सामने जिंकले आणि राष्ट्रीय प्लेऑफमध्ये तिसरं मानांकन मिळवून थेट उपांत्यपूर्व फेरीत पाऊल टाकलं. तिथे पेन स्टेटकडून ती हरली, हेही खरं.

आणि गट नसला की खेळ संपतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम २०२५ मध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हती. हंगामभर बॅगा उचलून देशभर मिळेल तिथे खेळत राहिली, घरच्या मैदानावर फ्लोरिडा स्टेटला हरवलं आणि ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सीरिज या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्याला पोचली. स्टेडियमवर त्या दिवशी आम्ही जो गोंगाट केला, त्यात कॉन्फरन्सची आठवण कुणालाच झाली नाही.