‘न्यूज’ हा शब्द चार दिशांपासून बनलेला नाही

“न्यूज हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साऊथ यांच्या आद्याक्षरांपासून बनला, चारही दिशांकडून येते ती न्यूज” हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि सामान्यज्ञान म्हणून मुलांकडून पाठही करून घेतला जातो. तो साफ चुकीचा आहे.

मुळात हा शब्द आद्याक्षरांचा नाहीच. ‘न्यू’ म्हणजे नवे. त्या विशेषणाला अनेकवचनाचा ‘एस’ लागून तो झाला. फ्रेंचमधील ‘नुव्हेल’ आणि लॅटिनमधील ‘नोव्हा’ यांच्या धर्तीवर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज तो ‘नव्या गोष्टी’ या अर्थाने लिहू लागले आणि पुढच्या शतकात त्याला ‘ताजी खबर’ हा अर्थ मिळाला. त्या काळी स्पेलिंगही ठरलेले नव्हते. एन-ई-डब्ल्यू-ई-एस असे ते सर्रास आढळते, आणि त्यातल्या दुसऱ्या ‘ई’ला दिशांच्या हिशेबात जागाच नाही. शब्द अनेकवचनी असल्याची खूण शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागातही दिसते: तिथे राजा आपल्या मुलाशी बोलताना ‘दिस न्यूज’ न म्हणता ‘दीज न्यूज’ म्हणतो. आजची इंग्रजी मात्र हा शब्द एकवचनी चालवते.

आद्याक्षरे जोडून रोजच्या वापरातले शब्द घडवण्याची रीत रुजली ती विसाव्या शतकात. ‘रडार’ हा अशा शब्दांपैकी एक.

“पण हे जुन्या पुस्तकात छापलेले आहे” असाही एक युक्तिवाद केला जातो. छापलेले आहे, हे मान्य. लंडनमध्ये 1640 साली निघालेल्या एका करमणूकपर पद्यसंग्रहात, बातमी उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण दिशांकडून येते, अशी अक्षरांशी खेळणारी कविता आहे. मात्र तोवर हा शब्द दोनशेहून अधिक वर्षे वापरात होता, त्यामुळे त्या कवितेला त्याचा उगम मानता येत नाही.

खेद वाटतो तो याचा, की या बनावट व्युत्पत्तीमुळे शब्दाचे आपल्या भाषेशी असलेले खरे नाते झाकले जाते. इंग्रजी ‘न्यू’, लॅटिन ‘नोवुस’ आणि संस्कृत ‘नव’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. ‘नव’मधूनच आपले ‘नवल’ आले, जुन्या मराठीतले ‘नवलवर्तमान’ही त्यातलेच, आणि गावाहून आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देता देता आपण “काय नवीन?” असे विचारतो, तेव्हा त्याच मुळाचा शब्द त्याच अर्थाने आपल्या तोंडी असतो.