फ्रिजमध्ये ठेवा म्हणे!

भर दुपारी, उन्हात, लांबलचक रांगेच्या साक्षीने माझ्या फोनने मला ओळख द्यायला नकार दिला. तिकीट फोनमध्ये, आणि फोनच्या काळ्या पडद्यावर थर्मामीटरचं लाल चित्र. खाली एक कोरडं वाक्य: वापरण्यापूर्वी फोन थंड होऊ द्या. तिकीट तपासणाऱ्या मुलाने आधी त्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बाजूला उभे राहा." शाळा सुटल्यापासून मला असं कुणी बाजूला उभं केलं नव्हतं.

चूक माझीच, हे कबूल. पण चिडूनच कबूल करतो. पाऊण तास तो फोन गाडीच्या डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली होता. नकाशा चालू, पडद्याचा उजेड पूर्ण, चार्जर लावलेला आणि अंगात जाड रबरी कव्हर. जीपीएस, नेटवर्क, पडदा आणि चार्जिंग हे चारही उष्णतेचे कारखाने मी एकाच वेळी सुरू केले आणि वर ऊन दिलं. फोनला पंखा नसतो. आतली उष्णता ग्रॅफाइटच्या पातळ थरातून, महागड्या फोनांत व्हेपर चेंबरमधून, म्हणजे वाफेने उष्णता पसरवणाऱ्या चपट्या डबीतून, पाठीकडे पसरते आणि पाठीतून हवेत जाते. त्या पाठीवर मी घोंगडी पांघरली होती.

तर मी बाजूला उभा. तेवढ्यात मागून आवाज आला, "तापलाय का?"

वळून बघतो तर एक काका. परवानगी वगैरे न विचारता त्यांनी हाताची पालथी बाजू माझ्या फोनच्या पाठीला लावली, तान्ह्या मुलाचा ताप बघावा तशी. डोळे मिटले. मान हलवली.

"चांगलाच आहे. फ्रिजमध्ये ठेवा."

"काका, इथे रांगेत फ्रिज कुठून आणू?"

"इथे नाही हो. घरी गेल्यावर. मी रोज ठेवतो, दहा मिनिटं. फ्रीजरमध्ये नाही ठेवायचा, तिथे गोठतो. दाराच्या कप्प्यात. आडवा नाही, उभा."

उभा का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हीच भीती होती.

"त्याने आत पाणी धरतं, काका. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो की नाही? गार झालेला फोन दमट हवेत आणला की तसाच घाम त्यालाही येतो. फक्त ग्लासच्या आत सर्किट बोर्ड नसतं."

"माझा वॉटरप्रूफ आहे," काका अभिमानाने म्हणाले.

आता यावर काय बोलणार? वॉटरप्रूफपणाची परीक्षा नव्या फोनची, स्वच्छ पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटं घेतलेली असते. कडेची रबरं आणि गोंद जुने झाले की तो निकाल रद्द. शिवाय आत अडकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसली, तर तिला बाहेर काढायला वॉटरप्रूफपणाचा काय उपयोग? बऱ्याच फोनांच्या आत एक छोटी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. दुरुस्तीवाला ती पट्टी आधी बघतो आणि वॉरंटीचं नाव काढू देत नाही. हे सगळं मी सांगितलं. काकांनी ते पाऊस ऐकावा तसं ऐकलं.

"मग सगळी अ‍ॅप उडवा. मी दर अर्ध्या तासाला उडवतो." आणि त्यांनी हवेत अंगठा वर सरकवून दाखवला, माशी हाकलावी तसा.

अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या त्या यादीतली बहुतेक झोपलेली असतात. त्यांना उडवून पुन्हा पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. खरा गुन्हेगार शोधायचा तर सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर बघायचा. दिवसभरात पाच मिनिटंही न उघडलेलं अ‍ॅप तिथे वरच्या क्रमांकावर बसलेलं दिसलं, की तेच. त्याची पार्श्वभूमीतली परवानगी काढायची, नाहीतर त्यालाच काढायचं.

"व्हायरस असणार," काकांनी अंतिम निदान केलं.

व्हायरस क्वचित. मोठं अपडेट घेतल्यावर किंवा नवा फोन सुरू केल्यावर पहिले एक-दोन दिवस तो आतल्या आत फोटो, फाइली लावत बसतो आणि तापतो. तेवढं त्याला करू द्यावं. त्यानंतरही काही न करता तापत असेल, तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप बंद राहतात. तिथे फोन गार राहिला, की दोष आपल्याच आवडीचा. सगळ्यात शेवटी आलेल्या अ‍ॅपपासून एकेक काढत मागे जायचं.

त्यापेक्षा फोन नेमका कुठे तापतो, हे बोटाने बघावं. या बाबतीत काकांची पद्धत बरोबर होती, फक्त निदान चुकलं. बहुतेक फोनांत कॅमेऱ्याच्या आसपास गरम लागलं तर तो प्रोसेसर: गेम, व्हिडिओ चित्रीकरण, लांबलेला व्हिडिओ कॉल. पाठीचा मधला-खालचा भाग चार्जिंगच्या वेळी कोमट होणं साहजिक; चटका बसला तर फास्ट चार्जिंग सेटिंग्जमधून बंद करावं आणि फोन उशीखालून काढून टेबलावर ठेवावा. पण फक्त चार्जिंगचं भोक आणि पिनेचं टोक तापत असेल, तर तिथला जोड ढिला किंवा मळलेला आहे. जोड कच्चा की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता. फोन बंद करून लाकडी टूथपिकने आतला कापूस हळूच काढायचा. सुई नको, टाचणी नको, फुंकर तर मुळीच नको. फुंकरीत थुंकी असते. तरीही तापलं तर केबल बदलायची. पिनेचा रंग काळपट झाला असेल तर ती केबल दुसऱ्या कुणाला उदार मनाने देऊ नये.

वायरलेस चार्जिंगची चैन असेल तर हेही लक्षात घ्यावं, की त्यात वायरीपेक्षा जास्त वीज उष्णतेत वाया जाते. फोन तबकडीच्या मध्यावरून बोटभर सरकला की आणखी. कव्हरमध्ये धातूची पट्टी किंवा नाणं ठेवलं असेल तर तेही तापतं. आणि नेटवर्कची एकच दांडी येते तिथे फोन मनोऱ्याला बेंबीच्या देठापासून ओरडून हाका मारत असतो. अशा ठिकाणी हॉटस्पॉट लावून बसण्यापेक्षा एअरप्लेन मोड बरा.

आता माझी खरी तक्रार. लिथियम-आयन बॅटरीच्या कामाला २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. योग्यच झालं. पण ही नोबेलवाली बॅटरी उन्हात माझ्याहून नाजूक. साधारण ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करणं तिला मानवत नाही, म्हणून फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो आणि आपण चार्जरला शिव्या देतो. पूर्ण भरलेली असताना उष्णता मिळाली तर ती आणखी लवकर म्हातारी होते, म्हणून ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. आयफोनसाठी तर कंपनीनेच भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं सांगून ठेवलंय. म्हणजे अर्धं जग उन्हाळ्यात या परीक्षेत नापास! तरी फोन दर काही वर्षांनी आणखी पातळ करायचे, आणि आपण तो पातळपणा झाकायला आणखी जाड कव्हर घ्यायचं. त्यात तिकीट फोनमध्ये, ओळखपत्र फोनमध्ये, पैसे फोनमध्ये. कागदाचं तिकीट घामाने मऊ व्हायचं, खिशात चुरगळायचं, पण "मला जरा थंड होऊ द्या" असं कधी म्हणालं नाही. आणि कुणी मला बाजूलाही उभं केलं नव्हतं.

असो. मी कव्हर काढलं, फोन पूर्ण बंद केला आणि भिंतीच्या सावलीत वारा लागेल असा हातात उभा धरला. एवढंच करायचं असतं. ओला रुमाल नाही, बर्फ नाही, दर मिनिटाला चालू करून "झाला का?" विचारणं तर नाहीच. धातूच्या कडा हाताला गरम लागतात, ते चांगलं लक्षण. आतली उष्णता बाहेर पडतेय. दहा-पंधरा मिनिटं.

"मी तर कव्हर कधीच काढत नाही," काका म्हणाले. "माझ्या फोनची पाठ त्यानेच घट्ट बसते."

"म्हणजे?"

त्यांनी कव्हर सोलून फोन दाखवला. मागची काच एका कडेने नखभर उचललेली. मधे फुगवटा. त्यांनी अंगठ्याने तो दाबायला सुरुवात केली आणि मी किंचाळलो. खराब झालेल्या बॅटरीच्या आत वायू धरतो, तेव्हा ती फुगते. दाबली, टोचली किंवा वाकवली, तर आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात आणि पेट घेऊ शकतात. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ जगभरातून परत बोलावला, तो बॅटरीच्या आतल्या अशाच शॉर्टमुळे. फुगलेला फोन चार्ज करायचा नाही, बंद करायचा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवायचा आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. कचऱ्यात टाकायचा नाही. आणि फ्रिजमध्ये, काका, मुळीच नाही.

काका पहिल्यांदाच गप्प झाले. फोन त्यांनी दोन बोटांत, शेपटीने उंदीर धरावा तसा धरला. बंद केला.

मी माझा फोन चालू केला. पडद्यावरचं थर्मामीटर गेलं होतं. तिकीट उघडलं. मी रांगेकडे वळणार, तेवढ्यात काकांनी बाही धरली.

"तुमचा चालू झाला ना? मग जवळचा दुरुस्तीवाला शोधून द्या की. नकाशा लावा, उजेड जरा वाढवा, उन्हात दिसत नाही."